गरम झाली की बंद, गार झाली की चालू: येझदी ६० चं एक चिवट दुखणं

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे की दुसरं काही, ते कळेल. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चालू होते. स्लोला एकसारखी टकटक, पिकअपबद्दल तक्रार नाही. दहा-बारा किलोमीटर छान पळते. मग चढ लागला की एखाददुसरं मिसिंग (इंजिनचा ठोका चुकणं), त्यामागून दोन-तीन आचके आणि बंद. नंतर कितीही किका मारा, साधी फुरफुरत नाही. झाडाखाली वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की पहिल्या किकला पुन्हा चालू, जसं काही घडलंच नव्हतं. घरी आणून मेकॅनिकला दाखवावी तर तिथं ती शहाण्यासारखी चालते. मेकॅनिक म्हणतो, काहीच बिघाड नाही.

आमच्याकडे आहे ती येझदी ६०, जिला लोक कोल्ट म्हणतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गाडी. साठ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, प्लगचा करंट बॅटरीवर नाही तर मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या लोहचुंबकाच्या चाकावर. त्या कारखान्यातून १९६१ साली गाड्या बाहेर पडायला लागल्या आणि १९९६ साली तो बंद झाला. अडीचशे सीसीच्या जावा-येझदी अजूनही गावोगावी दिसतात, त्यांचे पार्ट मिळतात, त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिक मिळतात. साठच्या गाडीचं तसं नाही. ती मुळात कमी लोकांनी घेतली आणि ज्यांनी घेतली त्यांच्यातल्या बहुतेकांनी भंगारात घातली. आमची सासऱ्यांनी जपली म्हणून राहिली. अशा गाडीला 'हे बदलून बघू, ते बदलून बघू' परवडत नाही. चांगला असलेला मूळ पार्ट एकदा काढून कुठं हरवला की तो परत मिळत नाही.

हे मी दोन वर्षं घालवून शिकलो. पहिल्यांदा कार्ब्युरेटर साफ केला, तीनदा. प्लग बदलले, तेही तीन. मग एका गॅरेजमध्ये सांगितलं की कार्ब्युरेटरच संपलाय, दुसऱ्या मोपेडचा बसवू. बसवला. गाडी पेट्रोल दुप्पट प्यायला लागली आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पूर्वी जिथं बंद पडायची, तिथंच बंद पडली. मूळचा कार्ब्युरेटर मी पिशवीत घालून घरी आणला होता, हीच त्यातली एक चांगली गोष्ट.

गुण आला तो शेजारच्या काकांमुळे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथं प्रिया स्कूटर बनायची, हे जुन्या सातारकरांना सांगायला नको. काका त्या कारखान्यात फिटर होते. आज पंचाहत्तरीत आहेत, पण त्यांची स्वतःची प्रिया अजून रोज राजवाड्यापर्यंत भाजी आणायला जाते. पॉइंट, कंडेन्सर, मॅग्नेट या प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांत त्यांचं आयुष्य गेलंय. मी त्यांना गाडी अंगणात दाखवायला नेली, तर त्यांनी हातच लावला नाही. म्हणाले, "हितं काय बघू? हितं ती बरी हाय. बंद पडती तिथं चल."

मग एका रविवारी गेलो. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा चढ सुरू होतो. मी पुढं, काका त्यांच्या प्रियावर मागं. फेब्रुवारी संपत आला होता, दहाचं ऊन. निम्मा घाट चढलो असेन, दुसऱ्या गिअरला गाडी आचके द्यायला लागली आणि कठड्याशी थांबली. माझा पाय सवयीनं किकवर गेला.

"आरं किक मारू नगंस! आत्ता ती बंद हाय, आत्ताच बघायचं. गार झाली की ती काय बी बोलणार न्हाय."

या लेखात सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. गरम झाल्यावर येणारा बिघाड गरम असतानाच सापडतो. आपण काय करतो, तर दमून बसतो, पाणी पितो, सावलीत उभं राहून खाली दिसणारा सातारा बघतो, आणि ज्या पंधरा मिनिटांत उत्तर मिळणार असतं ती घालवून बसतो.

त्या पंधरा मिनिटांत काकांनी काय केलं, ते जसंच्या तसं सांगतो.

गाडी थांबल्याबरोबर त्यांनी पहिल्यांदा पेट्रोल टाकीचं झाकण उघडून कान लावला. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला असता, तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय असं समजायचं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. भोक बंद असलं की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल हळूहळू अडतं आणि गाडी बंद पडते. थोडा वेळ थांबलं की हवा कुठून तरी झिरपून आत येते आणि गाडी पुन्हा चालते. लक्षण आपल्या दुखण्यासारखंच, म्हणून हे पहिल्यांदा तपासायचं. आमच्या झाकणातून आवाज आला नाही.

मग प्लग काढला. हातात फडकं हवंच, नाहीतर चटका बसतो. प्लगचं टोक ओलं होतं, पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय आणि जळत मात्र नाही. प्लग कोरडा ठणठणीत निघाला असता, तर काका कार्ब्युरेटरकडे वळले असते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बंद पडल्याबरोबरचा ओला प्लग करंटकडे बोट दाखवतो, कोरडा प्लग पेट्रोलकडे. मात्र वीस किका मारून झाल्यावर काढलेला प्लग दुसऱ्या बिघाडातही ओला निघू शकतो, त्याची साक्ष धरू नका. काकांनी मला किक मारू दिली नाही, ती यासाठी.

ओला प्लग बाजूला ठेवून त्यांनी खिशातला कोरा, थंड प्लग वायरीच्या टोपीत बसवला आणि त्याची बॉडी इंजिनच्या हेडवरच्या पात्यांना टेकवली, प्लगच्या भोकापासून चांगली लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, ठिणगी जवळ असली तर भडका उडेल. दिवसाउजेडी ठिणगी दिसत नाही, म्हणून तळहाताची सावली केली. मी हातानं किक दाबली. एक बारीक, नारिंगी, केसासारखी रेघ. पुढच्या किकला तीही नाही. सकाळी निघताना अंगणात हाच प्लग लावून बघितला होता, तेव्हा निळी, जाड ठिणगी 'टक' आवाज करत पडत होती.

"करंट मरतोय," काका म्हणाले. "आता कोण मारतोय ते बघू."

किल्ली बंद केल्यावर जी वायर बॉडीला टेकून करंट मारते, ती मॅग्नेटमधून बाहेर येते. काकांनी ती जोडावरून सोडली. जुन्या वायरचं रबर उकलतं, गरम होऊन मऊ पडतं आणि तांबं फ्रेमला लागतं. मग किल्ली चालू असूनही करंट बंद. ती सोडून बघितली तरी ठिणगी तशीच. म्हणजे वायर निर्दोष.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून दोन चिमटे लावलेला एक कंडेन्सर काढला. पॉइंटवाल्या जुन्या स्कूटरचा, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या वायरीचा चिमटा त्यांनी मॅग्नेटमधून आलेल्या त्या सोडलेल्या वायरीला लावला आणि दुसरा चिमटा कंडेन्सरच्या डबीवरून इंजिनच्या पात्याला. किक दाबली. निळी ठिणगी, टक, टक, टक. प्लग जागेवर बसवला, दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. इंजिनला हात लावत नव्हता इतकं ते गरम होतं. बंद पडून दहा मिनिटंही झाली नव्हती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहून दाखवता येणार नाही. दोन वर्षं ही गाडी विकून टाक म्हणून घरचे मागे लागले होते.

आता याचं कारण. मॅग्नेटच्या चाकाखाली पॉइंट असतात. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधला, म्हणजे तारेच्या गुंडाळीतला, प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगची ठिणगी तयार होते. प्रवाह जितका पटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. पण वीज अशी सहज तुटत नाही, ती उघडत्या पॉइंटमधूनच उडी मारायला बघते. कंडेन्सर ती उडी स्वतःकडे घेतो. तो कामातून गेला की ठिणगी प्लगला पडण्याऐवजी पॉइंटमध्येच पडते. पॉइंट जळतात, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ येतं, आणि प्लगपाशी नारिंगी रेघेपलीकडे काही उरत नाही.

जुन्या कंडेन्सरच्या डबीत कागद आणि धातूचा पातळ वर्ख गुंडाळलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत त्या कागदात दमट हवा शिरते, आतले जोड सैल होतात. थंड असताना तो कसाबसा काम करतो. गरम झाला की आतला जोड सुटतो किंवा कागदातून करंट गळायला लागतो. आणि ही डबी बसवलीय कुठं, तर मॅग्नेटच्या चाकाखाली, इंजिनला चिकटून. इंजिनची सगळी उष्णता तिच्याच वाट्याला येते.

आणखी एक खूण सांगतो, ती कुठल्याही अवजाराशिवाय बघता येते. गरम असताना किकनं चालू न होणारी गाडी उताराला दुसऱ्या गिअरला सोडून चालू होते का? होत असेल तर संशय करंटवरच धरा. मॅग्नेट जितक्या जोरात फिरतो तितका करंट जास्त बनतो. किकला तो हळू फिरतो आणि अशक्त झालेली यंत्रणा तिथं हरते, उताराला चाकाच्या जोरानं तीच तग धरते. घाटात बंद पडली की गाडी तोंड फिरवून साताऱ्याकडे सोडायची आणि ती खाली चालू व्हायची, हे मी दोन वर्षं करत होतो. उत्तर माझ्यासमोर होतं, मला ते वाचता येत नव्हतं.

आमच्या बाबतीत बाहेरून दुसरा कंडेन्सर लावल्यावर लगेच फरक पडला, कारण जुना गरम झाल्यावर आतून सुटत होता. तुमचा गळका असेल तर बाहेरून जोड देऊन काही होणार नाही, कारण जुना आत बसून करंट इंजिनच्या बॉडीला देतच राहणार. तो आधी काढावा लागतो. म्हणजे ही रस्त्यावरची परीक्षा यशस्वी झाली तर कंडेन्सर दोषी हे पक्कं. अपयशी झाली तर तो सुटला असं मात्र समजू नका.

कायमची दुरुस्ती आम्ही नंतर अंगणात केली. मॅग्नेटचं चाक काढायला पुलरच (चाक ओढून काढायचं अवजार) हवा. हातोड्यानं ठोकून किंवा दोन पान्यांनी उचकटून चाक काढणारे बघितलेत, कृपा करून आपल्या गाडीला तसं करू देऊ नका. क्रँक वाकतो आणि ठोक्यांनी चाकातल्या लोहचुंबकाचा जोरही कमी होतो, आणि या दोन्ही गोष्टी पुन्हा मिळवणं फार अवघड. चाकाखालची हाफमून चावी (चाक जागेवर धरणारा अर्धचंद्रासारखा तुकडा) बारीक असते, ती डबीत ठेवा. जुना कंडेन्सर काढला, वायर कापून टोक नीट बंद केलं. पॉइंटवर खरोखरच खड्डा होता. बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू सपाट केल्या, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद मध्ये धरून ओढला, म्हणजे पेपरची भुकटी राहत नाही. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यानं, ०.४ मिमी फट ठेवली. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, तेव्हा ते पुन्हा बघावंच लागतं.

नवा कंडेन्सर आम्ही आत बसवलाच नाही. टाकीखाली फ्रेमवर, इंजिनच्या उष्णतेपासून लांब आणि वारा लागेल अशा जागी पट्टीनं आवळला. मॅग्नेटमधून बाहेर येणाऱ्या वायरीला त्याची वायर जोडली. दोन गोष्टी सांभाळा. पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, कारण डबीची बॉडी फ्रेमच्या लोखंडाला पक्की टेकली नाही तर कंडेन्सर असून नसल्यासारखा. आणि वायर जेवढी आखूड ठेवता येईल तेवढी ठेवा. मला हा कंडेन्सर ऐंशी रुपयांना मिळाला. त्याआधी एकानं 'डबाबंद, ओरिजिनल, कधीच न वापरलेला' म्हणून जो दिला होता तो बाराशेचा होता आणि आठवड्यात गेला. त्यात फसवणूक असेलच असं नाही. कागदाचा कंडेन्सर डबीत पडून राहिला तरी म्हातारा होतो. रबराचं सील आणि कंडेन्सर या दोन गोष्टी जुन्या साठ्यातल्या घेऊच नयेत, असं माझं मत झालंय. बाकी लोखंड खुशाल घ्या.

ज्यांना गाडीच्या मूळ रूपाची काळजी आहे त्यांच्यासाठी: कंडेन्सर टाकीखाली दिसत नाही, आणि फ्रेमला भोक न पाडता बसतो. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपुढची दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा अशी अट आहे. पट्टी सोडली की गाडी होती तशी. अर्थात त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, आणि आमची तर दर रविवारी फिरायला जाते, म्हणून आम्ही जुनीच नोंदणी वेळच्या वेळी फिटनेस करून चालू ठेवलीय.

कंडेन्सर बदलूनही दुखणं राहिलं तर पुढचा संशय कॉइलवर. तिच्या आतली केसासारखी तार गरम झाल्यावर ताणून तुटते आणि गार झाली की पुन्हा टेकते. कॉइल काढून मीटरवर थंड असतानाचा रेझिस्टन्स लिहून ठेवा, मग हेअर ड्रायरनं चांगली तापवून पुन्हा मोजा. तापल्यावर आकडा थोडा वाढणारच, पण काटा भलतीकडेच गेला किंवा मीटर काहीच दाखवेना, तर कॉइल गेली. या गाडीची कॉइल मिळणं कठीण, मात्र ती नव्या तारेनं भरून देणारे कारागीर अजून आहेत.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून काढून बाटलीत धरा, टाकीचं झाकण लावलेलंच ठेवा, पेट्रोलचा कॉक उघडा. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी हवी. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब असेल तर कॉकची जाळी, टाकीतला गंज नाहीतर झाकण. हे काम इंजिन थोडं निवल्यावर करा, घाई नको.

किक दगडासारखी घट्ट लागली तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. ते करंटचं दुखणं नाही, पिस्टन चिकटलाय. जोर लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. असं होण्याआधी गाडी आचके देत नाही, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ओढ मरत जाते, हा फरक चालवणाऱ्याला कळतो. क्लच दाबता आला तर तेवढ्यात दाबा. कारण बहुधा तेल कमी किंवा मिश्रणात हवा जास्त. मी लिटरला ४० मिली टू-टी तेल घालतो आणि टाकीत ओतण्याआधी डब्यात हलवून घेतो. गाडी आठवडाभर उभी असेल तर निघण्यापूर्वी आडवीतिडवी हलवतो, तेल तळाशी बसलं असलं तर मिसळावं म्हणून.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलबद्दल, कारण २० टक्के इथेनॉलनं या सगळ्या दुखण्यांत भर घातलीय. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊच पट. म्हणजे जुन्या जेटनं (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गाडीला आता जळायला हवं त्यापेक्षा कमी इंधन मिळतं आणि इंजिन जास्त तापतं. कार्ब्युरेटरमधल्या नीडलला (सुईला) खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येते आणि मिश्रण जरा जाड होतं. प्लगचा रंग चहासारखा तपकिरी आला की बरोबर. पांढराफटक असेल तर चढावर जाऊच नका. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी असतं, तेव्हा पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवत नाही. कॉक बंद करून कार्ब्युरेटरही जळून रिकामा होऊ देतो. तिसरं, जुन्या रबराच्या नळ्या आणि सीलं त्यानं फुगतात, मऊ पडतात. मॅग्नेटचं चाक काढाल तेव्हा प्लेटच्या मागं बघा. तिथं काळं तेलकट ओघळ असेल तर क्रँकचं सील गळतंय, आणि गळक्या सीलमधून आत शिरणारी हवाही इंजिन तापवते. अशा गाडीचा स्लो कधी स्थिर राहत नाही, अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन वरच ओरडत राहतं. दुसऱ्या बाजूचं सील गेलं असेल तर ते गिअरबॉक्सचं तेल आत ओढतं आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. चाक उघडलंच आहे तर सील त्याच वेळी बदलून टाका.

कंडेन्सर बाहेर आणला त्याला आता सव्वा वर्ष होत आलं. यवतेश्वरचा घाट मी त्यानंतर किती वेळा चढलो ते मोजलं नाही. गेल्या सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत कास पठारापर्यंत, साधारण पंचवीस किलोमीटर, न थांबता गेलो. गर्दीमुळे शेवटचा पट्टा पहिल्या गिअरला रांगत काढावा लागला, इंजिन चांगलंच तापलं होतं, तरी गाडी एकदाही अडखळली नाही. काकांचा चिमटेवाला कंडेन्सर सीटखालच्या पिशवीत असतो, कोरा प्लग आणि फडक्याशेजारी. परवा चाकाच्या खिडकीतून बॅटरी मारून पॉइंट बघितले. राखाडी, सपाट, कुठं खड्डा नाही. फट अजून ०.४ वरच आहे.